घेणाऱ्याचा चेहरा छापू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की आपल्या जिल्हा पानावर वह्यावाटपाची छायाचित्रे येऊ लागतात. दिवाळीआधी फराळाची, थंडीत ब्लँकेटची, पूर आला की शिध्याच्या पिशव्यांची. मागे फलक, मध्ये पाहुणे, पुढे एखादे मूल किंवा म्हातारी, हातात पिशवी, नजर खाली. वाटप करणारी मंडळे पदरमोड करून हे काम करतात, त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचे असते, आणि तोवर वर्तमानपत्र वर्गातल्या सगळ्यांच्या घरी पोहोचलेले असते.

गरजूला मदत तर मिळावी, पण त्याची मान खाली जाऊ नये. या एका गोष्टीसाठी यहुदी समाजाने जवळजवळ दोन हजार वर्षे बारीकसारीक नियम केले, ते वापरून पाहिले आणि चुकले तिथे बदलले. सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाच्या, कारभारात त्यांतले पुष्कळ आजही पाळले जातात. कोणत्याही गणेश मंडळाला, गृहनिर्माण संस्थेला किंवा देवस्थानाला ते उचलता येतील इतके व्यवहारी आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहोत.

महाराष्ट्राला हा समाज परका नाही. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ते मराठी बोलणारे बेने इस्रायल. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, ठाणे, मुंबई, पुणे इथे त्यांची प्रार्थनास्थळे आहेत. जुनी माणसे त्यांना 'मशीद' म्हणत. मुंबईतले सर्वांत जुने शाअर हरहामीम १७९६ सालचे. आज माणसे थोडी उरली आहेत. २०११ च्या जनगणनेत साऱ्या राज्यात अडीच हजारही भरली नाहीत. तरी जिथे सिनेगॉग आहे तिथे मुकादम, हझान, गबाई, शामाश ही पदे आहेत. मुकादम प्रमुख, हझान प्रार्थना चालवणारा, शामाश जागेची देखभाल करणारा. गबाई म्हणजे पैसा गोळा करणारा आणि सांभाळणारा. या पत्रात जास्त काम त्याचेच आहे.

आधी एका शब्दाविषयी. आपण ज्याला दान म्हणतो त्याला हिब्रूत 'सेदाका' म्हणतात. 'सेदेक' म्हणजे न्याय, त्यापासून हा शब्द झाला. अरबीतून आपल्याकडे आलेला 'सदका' याच कुळातला. म्हणजे देणारा उपकार करत नाही, देणे फेडतो. मिळकतीचा दहावा भाग हे मध्यम प्रमाण, पाचव्या भागाहून जास्त देऊ नये हा वरचा बांध. हा बांध मुद्दाम घातला आहे, नाहीतर उत्साहाच्या भरात सर्वस्व वाटून टाकणारा उद्या स्वतःच मागायला येतो. आणि जो स्वतः मदतीवर जगतो त्यानेही थोडे द्यायचेच असते. तो फक्त 'घेणारा' असा शिक्का घेऊन फिरू नये, हा त्यामागचा विचार.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात आणि पुढे त्यावरच्या चर्चांच्या तल्मूद या ग्रंथात गावाच्या दोन व्यवस्था सांगितल्या आहेत. एक 'कुपा', म्हणजे पेटी: आठवड्याला पैसे गोळा करायचे आणि शुक्रवारी, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस लागण्याआधी, गावातल्या गरजूंना पुढच्या आठवड्यापुरते द्यायचे. दुसरी 'तमहुई', म्हणजे थाळी: रोज घरोघरचे अन्न गोळा करायचे आणि त्याच दिवशी भुकेल्याला वाढायचे, मग तो कुठून का आलेला असेना. पेटी गावाची, थाळी साऱ्या जगाची. पेटीचे पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे, कारण वर्गणी मागणे म्हणजे गावावर अधिकार चालवणे आणि तो एकट्याच्या हाती नको. वाटायला मात्र तिघे हवेत, कारण कोणाला किती द्यायचे हा पैशाचा निवाडा आहे आणि असा निवाडा तिघांच्या न्यायासनापुढेच होतो. थाळीला गोळा करायलाही तिघे आणि वाटायलाही तिघे. तिथे हिशेब ठरलेला नसतो, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठरवावी लागते.

गबायांवरची बंधने वाचली की पैशाचा व्यवहार कुठे घसरतो हे या लोकांना किती नेमके ठाऊक होते ते कळते. वर्गणीला निघालेल्या दोघांनी एकमेकांपासून वेगळे व्हायचे नाही. वाटेत पडलेले नाणे सापडले तर गबाईने ते खिशात घालायचे नाही, पेटीत टाकायचे आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचे. पाहणाऱ्याला ते त्याचे की पेटीचे हे कळत नाही. पेटीतली चिल्लर मोडायची तर दुसऱ्याकडून मोडून घ्यायची, स्वतःच्या पैशाशी बदलायची नाही. थाळीतले उरलेले अन्न विकायचे तर इतरांना, स्वतः विकत घ्यायचे नाही. नाणी दोन-दोन करून मोजायची नाहीत, एकेक मोजायची, म्हणजे दोन घेऊन एकच धरले असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे वर्गणीचे भांडण पेटते ते नेमके अशाच जागी. एकटा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो, उरलेला शिधा कार्यकर्त्यांच्या घरी जातो, आणि चोरी झालेली नसतानाही नाव खराब होते.

मदत कोणाला मिळावी, यावरही रेषा ओढलेली आहे. दोन वेळचे अन्न घरात असेल त्याने थाळीतून घेऊ नये. चौदा वेळचे, म्हणजे दिवसाला दोन जेवणे धरून आठवड्याचे, असेल त्याने पेटीतून घेऊ नये. शेतात गरिबांसाठी सोडलेल्या पिकाच्या वाट्यासाठी मर्यादा २०० झुझांची (झुझ म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे) आहे, आणि तिथे एक सुंदर बारकावा आहे: एखाद्याजवळ १९९ झुझ असतील आणि हजार जणांनी एकदम एकेक दिला, तरी त्याने तो घ्यावा. रेषेच्या खाली आहे म्हणजे खाली आहे. घर विक, भांडी विक, मग ये, असे त्याला म्हणायचे नाही. उलट ५० झुझ असून ते धंद्यात फिरत असतील तर त्या माणसाने घेऊ नये, कारण फिरणारे ५० हे पडून असलेल्या २०० च्या बरोबरीचे.

चौकशीचा नियम तर प्रत्येक मदत केंद्राच्या दारावर लावावा असा आहे. 'कपडे द्या' म्हणणाऱ्याची चौकशी करा. 'खायला द्या' म्हणणाऱ्याची करू नका. कपड्याविना माणूस दोन दिवस काढेल, भूक थांबत नाही. आपल्याकडे शिध्याच्या रांगेत आधी आधार कार्डाची आणि शिधापत्रिकेची छायाप्रत मागतात. पुरात ज्याचे घर वाहून गेले त्याच्याजवळ नेमकी तीच नसते, आणि पिशवी जाते कागद जपून ठेवू शकलेल्याकडे. पहिली पिशवी विनाचौकशी द्यावी. कागद पाहायचे ते भांडी, पत्रे, रोख मदत देताना पाहावेत.

मदत लपवण्याचे किती प्रकार झाले! जेरुसलेमच्या मंदिरात एक खोलीच गुप्त होती: देणारे तिथे गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरातले पण परिस्थितीने खाली आलेले लोक गुपचूप घेऊन जात. मार उकवा नावाचा विद्वान शेजारच्या गरीब माणसाच्या दाराच्या खोबणीत रोज चार झुझ ठेवत असे. आपल्याला कोण देतो हे पाहायला एके दिवशी तो माणूस बाहेर आला, तेव्हा मार उकवा आणि त्याची बायको पळत जाऊन एका भट्टीत लपली. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अब्बा पैसे उपरण्यात बांधून पाठीवर सोडत आणि गरिबांमधून चालत जात, मात्र लबाड माणसावर तिरपी नजर ठेवत. या शेवटच्या बारकाव्यामुळे ही गोष्ट खरी वाटते. गुप्तता पाळायची म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाहीत.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहिलेल्या मायमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताने यातून आठ पायऱ्यांची उतरंड लावली. सर्वांत खाली नाइलाजाने देणारा. त्याच्या वर, कमी पण हसतमुखाने देणारा. मग मागितल्यावर देणारा, मग मागण्याआधी हातात ठेवणारा. वरून मोजता चौथी पायरी, घेणाऱ्याला देणारा ठाऊक पण देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही. तिसरी याच्या उलट. दुसरी, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. आणि सर्वांत वर कर्ज, भागीदारी किंवा काम मिळवून देणे, म्हणजे त्या माणसाला पुन्हा मागायची वेळ येऊ नये. व्यासपीठावर बोलावून केलेले वाटप फार तर पाचव्या पायरीवर बसते. ते तिसरीवर न्यायला जास्त पैसा लागत नाही. व्यासपीठ आणि छायाचित्रकार तेवढा काढून टाकायचा.

मृत्यूच्या प्रसंगीचे नियम आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, कारण ते आधी चुकून मग दुरुस्त झाले आहेत. एके काळी सुतकाच्या घरी जेवण न्यायचे तर श्रीमंतांकडे सोन्यारुप्याच्या पाट्यांतून नेत आणि गरिबांकडे वाळुंज झाडाच्या सोललेल्या फांद्यांच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटू लागली, तेव्हा ठरले की सगळ्यांकडे वाळुंजाच्या टोपल्यांतूनच न्यायचे. श्रीमंतांना पेय पांढऱ्या काचेतून आणि गरिबांना रंगीत काचेतून दिले जाई. मग सगळ्यांना रंगीत काच आली. दुष्काळाने चेहरे काळवंडलेले असत म्हणून गरिबांच्या प्रेताचा चेहरा झाकत. मग सगळ्यांचाच झाकायचे ठरले. समानता आणताना त्यांनी गरिबाला सोन्याची पाटी दिली नाही, श्रीमंताच्या हाती साधी टोपली दिली. ती सर्वांना परवडते आणि टिकते.

अंत्यविधीचा खर्च तर इतका वाढला होता की मृत्यूपेक्षा तो जड वाटून नातेवाईक प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या प्रमुख धर्माचार्याने, ऐपत आणि मान दोन्ही असताना, आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रात न्यावे असे ठरवले, आणि लोकांनी त्याचे अनुकरण केले. आजही यहुदी कफन साधे, पांढरे, सर्वांना सारखे असते आणि त्याला खिसा नसतो. प्रेताला स्नान घालणे, कफन चढवणे ही कामे सभासद स्वतः करतात, पुरुषांची पुरुष आणि स्त्रियांची स्त्रिया. या सेवेला फार वरचा मान आहे, कारण तिची परतफेड मृत व्यक्ती करू शकत नाही.

लहान समाजात मात्र एक अडचण येते. सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, आणि कोकणातल्या सिनेगॉगमध्ये तेवढेही रोज जमत नाहीत. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तिथे गुप्त दान कसे करायचे? यावर जुनेच टोपलीचे तत्त्व कामी येते: सगळ्यांना एकच वस्तू, एकाच टेबलावरून. पेसाहच्या सणाला मात्झा ही बेखमीर भाकरी लागते, आणि सेदेरच्या, म्हणजे त्या सणाच्या विधिपूर्वक जेवणाच्या, रात्री गरिबातल्या गरिबालाही द्राक्षारसाचे चार पेले कमी पडू नयेत, थाळीतून द्यावे लागले तरी, असा मिश्नाचा दंडक आहे. बेने इस्रायलांमध्ये द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचे सरबत करतात. मनुका आणि मात्झाची पुडकी सगळ्या घरांसाठी सारखी बांधावीत, पैसे बंद पेटीत टाकायला सांगावेत. कोणी पूर्ण किंमत टाकली, कोणी दुप्पट, कोणी रिकामे पाकीट, हे टेबलावरच्या माणसाला कळतच नाही. इथे चूक होते ती यादीवर खूण करताना. 'मोफत' असा रकाना यादीत काढला की सगळी मेहनत वाया गेली. यादीत फक्त घर आणि नग असावेत.

याच कारणाने शब्बाथची बंदीही उपयोगी पडते. त्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही आणि लिहायचेही नाही. म्हणून कित्येक ठिकाणी देणगीपत्राच्या कडेला रकमा छापलेल्या असतात आणि द्यायची ती पट्टी फक्त दुमडायची असते. बाजूला बसलेल्याला आकडा दिसत नाही, पैसे मागाहून कार्यालयात जातात.

देण्याचे दिवसही ठरलेले आहेत. पुरिमच्या सणाला निदान दोन गरजूंना एकेक देणगी, आणि त्या दिवशी हात पुढे करील त्याची चौकशी करायची नाही. उपवासाच्या दारफाळणीच्या सणानंतर, म्हणजे योम किप्पुरनंतर, दुसऱ्या दिवशी बेने इस्रायल 'शिळा सण' पाळत, तेव्हा गरिबांना दान देत आणि आप्तेष्टांकडे जात. हे दान फक्त आपल्यातल्यांना नाही. परधर्मीय गरिबालाही आपल्या गरिबाबरोबरीने द्यावे असे तल्मूद स्पष्ट सांगते.

वस्तू गोळा करताना काय बिघडते ते अमेरिकेतल्या सिनेगॉगांनी चांगले अनुभवले आहे. तिथे नववर्षाला, म्हणजे रोश हशानाला, प्रत्येक कुटुंबाला कागदी पिशवी देतात आणि ती भरून योम किप्पुरला परत आणायला सांगतात. मध्ये दहा दिवसांची मुदत, त्यामुळे विसर पडत नाही. पण लोक कपाटातले नको असलेले आणतात: मुदत संपलेले डबे, फुटणाऱ्या काचेच्या बरण्या, कोणी न खाणारे प्रकार. निवडायला माणसे लागतात आणि टाकून द्यायला पुन्हा खर्च. म्हणून पिशवीवरच यादी छापावी: अमुक डाळ एक किलो, तेलाची बंद पिशवी एक लिटर, मुदत निदान सहा महिने पुढची. याहून बरा मार्ग १९८५ साली तिथे सुरू झालेल्या 'माझोन' या संस्थेने काढला: लग्न किंवा मुंज यांसारख्या आनंदाच्या प्रसंगी जेवणावळीच्या खर्चाचे तीन टक्के भुकेल्यांसाठी बाजूला काढायचे. दोन लाखांच्या जेवणावर सहा हजार. कॅटररच्या बिलाबरोबरच ते चुकते केले की मागे राहत नाहीत.

सर्वांत वरच्या पायरीवरच्या कर्जाबद्दल थोडे. गरजूला द्यायचे कर्ज बिनव्याजी असते हे सर्वांना ठाऊक असते, पण बंदी व्याजापुरती नाही. कर्ज देणाऱ्याने कर्जदाराच्या घरात फुकट राहायचे नाही. कर्जदार आधी कधी वाकून नमस्कार करत नसेल तर आता त्याच्याकडून तो घ्यायचा नाही, तेही व्याजच. आणि तो फेडू शकत नाही हे ठाऊक असेल तर त्याच्या समोरून जायचे नाही, त्याला शरमिंदा वाटेल. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली स्थलांतरितांसाठी अवघ्या ९५ डॉलरवर सुरू झालेली हिब्रू फ्री लोन सोसायटी आजही बिनव्याजी कर्ज देते, धर्म न पाहता. अशा निधीचा कणा म्हणजे जामीनदार. दोन जामीनदार आणि पहिल्या महिन्यापासून ठरलेला हप्ता असला तर तोच पैसा पुन्हा पुन्हा फिरतो. जामीनदार नातेवाईकांमधून घेतले की निधी बुडतो, कारण अडचण आली की सगळे घर एकदम अडचणीत येते. जो माणूस दान घ्यायला नकार देतो त्याला कर्ज म्हणून द्यावे आणि मागाहून सोडून द्यावे, अशीही सोय तल्मूदमध्ये आहे.

गुप्तता आणि हिशेब यांचे जमायचे कसे, असे विश्वस्त विचारतील. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब तपासून घ्यावे लागतातच. यावर साधा उपाय आहे. मदतीच्या नोंदवहीत क्रमांक, तारीख, रक्कम, कारण एवढेच लिहावे. क्रमांकाला नाव जोडणारी यादी बंद पाकिटात तिघांच्या सहीने ठेवावी आणि फक्त लेखापरीक्षकाला दाखवावी. रोख हातात देण्यापेक्षा शाळेची फी शाळेत, औषधाचे बिल औषधाच्या दुकानात, विजेचे बिल वीज कंपनीत भरावे; पावती आपोआप मिळते आणि पैसा दुसरीकडे वळत नाही. मदतीचा पैसा पदाधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून फिरवू नये, चार दिवसांसाठीसुद्धा. परदेशात रब्बींनी स्वतःच्या मर्जीने वापरायच्या मदतनिधीत गोंधळ होतो तो याच वाटेने.

मग देणाऱ्याचे नावही लपवायचे का? नाही. सिनेगॉगच्या भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या असतात, आणि दिलेल्या वस्तूवर आपले नाव घालायला धर्मशास्त्रातही मुभा आहे. यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांचे नाव मुंबईच्या वाचनालयावर आणि पुण्याच्या रुग्णालयावर आहे. पुण्यातल्या लाल देऊळ या सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. त्या नावाने कोणाची मान खाली गेली नाही, कारण ससून रुग्णालयात उपचार घेणाऱ्या रोग्याचे छायाचित्र त्या नावाखाली लावलेले नाही. मंडळाने फलकावर स्वतःचे नाव हवे तेवढ्या मोठ्या अक्षरांत घालावे.

म्हणून आपल्याला एकच विनंती. वाटपाच्या बातमीत घेणाऱ्याचा चेहरा आणि नाव छापू नये, त्याची संमती घेतली आहे असे मंडळाने सांगितले तरी. रांगेत उभ्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, त्यामुळे त्या संमतीला अर्थ नाही. त्याऐवजी बांधून ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांचे किंवा पिशव्या भरणाऱ्या कार्यकर्त्यांचे छायाचित्र मागवावे, आणि मजकुरात किती नग, किती रुपयांचे, कोणत्या शाळांकडे दिले हे छापावे. वह्या शाळेत पोहोचल्यावर वर्गशिक्षकांनी त्या सगळ्या वर्गाला सारख्याच वाटाव्यात, ज्यांना गरज नाही त्यांच्यासकट. चाळीस मुलांच्या वर्गात पंचवीस मुलांपुरताच निधी असेल, तर प्रत्येकाच्या दोन वह्या कमी कराव्यात, पण पंधरा मुले वेगळी बसवू नयेत.

आपले,
बेने इस्रायल समाजातील काही वाचक, ठाणे